साखरेवरची कडू पूड

सोलापूरहून पुण्याच्या रस्त्याला लागलं, की बाळे, केगाव, विद्यापीठ असं करत पाकणीचा फाटा मागे पडतो आणि चिंचोळी येते. तालुका मोहोळ. कागदोपत्री नाव चिंचोळी काटी. एसटीच्या खिडकीतून बघणाऱ्याला इथं एमआयडीसीची पाटी, टाक्या, पाइपांची गुंतागुंत आणि टँकरची रांग दिसते. कविता सुचावी असं काही दिसत नाही. सोलापूर म्हटलं की लोकांना चादर आठवते, शेंगाचटणी आठवते, फार तर बंद पडलेल्या गिरण्यांची धुराडी आठवतात. पण या चिंचोळीत एक पांढरी पूड तयार होते. चवीला कडू. तिचं नाव मेटफॉर्मिन. तुमच्या घरात ‘शुगर’ असलेलं कुणी असेल, तर फ्रीजवरच्या त्या प्लास्टिकच्या डबीत ती गोळी बहुतेक सापडेलच.

स्मृती ऑर्गॅनिक्स ही सोलापूरची कंपनी चिंचोळीच्या कारखान्यात हे मेटफॉर्मिन बनवते. गोळी नव्हे, गोळीच्या आतलं मूळ औषध. गोळ्या पाडणारे, पाकिटात भरणारे, त्यावर नाव छापणारे पुढचे. आणि मेटफॉर्मिनला लागणाऱ्या दोन मुख्य वस्तूंपैकी एक म्हणजे डायमिथाइल अमाइन हायड्रोक्लोराइड. ती बालाजी अमाइन्स बनवते. या कंपनीचा जुना कारखाना तुळजापूर रस्त्यावर तामलवाडीला आहे, नंतरचे चिंचोळीत. म्हणजे कच्चा माल बनवणारे आणि पक्का माल बनवणारे एकाच टापूत बसलेत. आपल्याकडे पूर्वी सूत, रंग आणि माग एका पेठेत असायचे, तसंच हे म्हणा.

अमाइन या जातीच्या रसायनांना मासळीसारखा वास असतो. बऱ्याच जणांना मेटफॉर्मिनची नवी पट्टी फोडल्यावर तसाच हलका वास येतो. आमच्या घरी माझी खाला तर ही गोळी नाक दाबूनच घ्यायची. औषध खराब झालंय म्हणून तिनं एकदा अख्खी पट्टी दुकानदाराला परत नेऊन दिली होती. खराब नव्हतं. ज्या द्रव्यापासून ते बनलं, त्याची ती ओळख होती.

आता हे औषध आलं कुठून, ते सांगतो. साखरेच्या रोगाचा इतिहास लोक इन्सुलिनपासून सुरू करतात. त्याच्याही मागे गेलो, तर आपल्याकडे ‘प्रमेह’ होता. रुग्णाच्या लघवीकडे मुंग्या धावतात, हे आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथांनी नोंदवून ठेवलंय. युनानी हकीम त्याला जियाबेतस म्हणत. मूळ शब्द ग्रीक, अर्थ ‘आरपार वाहून जाणं’. इब्न सीनानं हजार वर्षांपूर्वी या रोगात अवयव सडतात हे लिहिलं आणि लघवीच्या गोडव्याचीही नोंद केली. एवढं सगळं माहीत होतं. हाती उपाय मात्र फारसा नव्हता.

युरोपात गॅलेगा नावाचं एक रानझुडूप आहे. जांभळट फुलांचं, वाटाण्याच्या कुळातलं. प्लेग, ताप, सापाचं विष अशा कशावरही ते देत. खाल्ल्यावर जनावरांना दूध जास्त येतं अशी समजूत होती आणि नावातही ग्रीक ‘दूध’ आहे. अमेरिकेत यूटा राज्यातल्या लोगनला ते १८९१ साली चारा म्हणून मुद्दाम नेऊन लावलं. जनावरांना ते विषारी ठरलं आणि तण म्हणून पसरलं ते पसरलंच. आपल्याकडच्या गाजरगवताची गोष्ट आठवते ना, तसंच.

या झुडपात ग्वानिडीन जातीची द्रव्यं असतात. १९१८ मध्ये वातानाबे नावाच्या संशोधकानं सशांना ग्वानिडीन दिलं, तर त्यांच्या रक्तातली साखर उतरली. गंमत अशी, की त्याचा शोध साखरेबद्दल नव्हताच. गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथी काढल्यावर शरीरात काय बिघडतं, हा त्या काळचा प्रश्न होता. हार्मोनच्या एका कोड्याचा माग काढताना दुसऱ्याच कोड्याची किल्ली पायाखाली आली. पुढे १९२६ ला जर्मनीत सिंथॅलिन नावाचं त्याच जातीचं औषध निघालं. साखर उतरायची, पण यकृत आणि मूत्रपिंडाला इजा व्हायची. ते मागे पडलं.

त्याआधीच, १९२२ साली, डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात एमिल वर्नर आणि जेम्स बेल या दोघांनी डायसायनडायमाइड आणि डायमिथाइल अमाइनचं क्लोराइड एकत्र तापवलं. त्यांना हवं होतं दुसरंच द्रव्य, एक ग्वानिडीन. वाटेत जे तयार झालं, ते मेटफॉर्मिन. त्यांनी त्याची नोंद केली आणि पुढे गेले. त्यांनी एकत्र आणलेल्या त्या दोन वस्तू बघा. शंभर वर्षांनंतरही जगभर मेटफॉर्मिन बनतं ते याच दोन वस्तू तापवून. हौद मोठे झाले, पंप आले, संगणकावर तापमान दिसू लागलं. मूळ स्वयंपाक मात्र डब्लिनचाच राहिला.

आणि १९२२ हे साल कुठलं? त्याच वर्षी जानेवारीत टोरंटोमध्ये लेनर्ड थॉम्प्सन या चौदा वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा इन्सुलिन टोचलं गेलं. मरायला टेकलेली पोरं उठून बसू लागली. सगळ्या जगाचं लक्ष तिकडे गेलं आणि जायलाच हवं होतं. १९२९ मध्ये स्लोटा आणि चेशे या जर्मन संशोधकांनी मेटफॉर्मिननं प्राण्यांची साखर उतरते हे दाखवलं. पण मात्रा फार लागते म्हणून कुणी त्यात लक्ष घातलं नाही.

नंतर हिवताप आला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात क्विनाइनला पर्याय शोधताना याच कुळातलं पॅल्युड्रिन निघालं. १९४९ च्या सुमारास फिलिपिन्समध्ये युसेबिओ गार्सिया हे डॉक्टर मेटफॉर्मिन फ्लूवर वापरत होते. काही रुग्णांची साखर खाली आल्याचं त्यांनी लिहून ठेवलं. ते वाचून पॅरिसचे डॉक्टर झां स्टर्न यांचे कान टवकारले. तरुणपणी रुग्णालयात उमेदवारी करताना त्यांनी गॅलेगाच्या द्रव्यावर काम पाहिलेलं होतं. एका छोट्या औषध कंपनीच्या मदतीनं त्यांनी रुग्णांवर प्रयोग केले आणि १९५७ साली निष्कर्ष छापले. कुठे? जगात गाजणाऱ्या एखाद्या मासिकात नव्हे, तर मोरोक्कोच्या एका फ्रेंच वैद्यकीय नियतकालिकात. त्यांनी औषधाला नाव दिलं ‘ग्लुकोफाज’, म्हणजे साखरखाऊ. नाव ठेवणाऱ्याला भाषेची जाण होती. पण औषध साखर खात नाही. ते मुख्यतः यकृताला आवरतं. आपण उपाशी असतो तेव्हा यकृत रक्तात साखर सोडत असतं; मधुमेहात त्याचा हात सैल सुटलेला असतो. मेटफॉर्मिन तो हात धरतं. स्वादुपिंडाला इन्सुलिन ओतायला ते भाग पाडत नाही. म्हणून एकट्या मेटफॉर्मिननं साखर धोकादायक खाली जाण्याची भीती कमी. रमजानमध्ये डॉक्टर बहुतेकदा गोळीची वेळ तेवढी बदलून देतात, ती याच कारणानं.

पण हे लगेच मान्य झालं असं समजू नका. त्याच काळात त्याचं जोरदार भावंडं बाजारात आलं होतं, फेनफॉर्मिन. अमेरिकेत तेच चाललं. त्यानं काही रुग्णांच्या रक्तात लॅक्टिक आम्ल साचायला लागलं आणि माणसं दगावली. १९७७ मध्ये अमेरिकन सरकारनं ते बाजारातून काढायला लावलं. आपल्याकडे फेनफॉर्मिनवर बंदी यायला २००३ उजाडलं. सव्वीस वर्षं! या सव्वीस वर्षांत आपल्याकडे ते कुणाकुणाला दिलं गेलं असेल, याचा हिशेब कोण ठेवणार? भावाच्या करणीचा डाग मेटफॉर्मिनलाही लागला. ब्रिटनमध्ये ते १९५८ पासून होतं, अमेरिकेनं मात्र १९९४ च्या डिसेंबरअखेर त्याला परवानगी दिली.

मेटफॉर्मिनला खरी इज्जत मिळाली १९९८ मध्ये. ऑक्सफर्डचे रॉबर्ट टर्नर यांनी १९७७ साली एक अभ्यास सुरू केला होता. ५,१०२ रुग्ण, ब्रिटनमधली २३ केंद्रं, वीस वर्षांची चिकाटी. त्यातल्या वजन जास्त असलेल्या ३४२ रुग्णांना मेटफॉर्मिन दिलं गेलं. नुसत्या खाण्यापिण्याच्या पथ्यावर ठेवलेल्या रुग्णांच्या तुलनेत त्यांच्यात मधुमेहाशी संबंधित मृत्यू ४२ टक्क्यांनी कमी झाले. निकाल आला आणि पुढच्या वर्षी टर्नर गेले.

या सगळ्यात मला एक गोष्ट महत्त्वाची वाटते. या रेणूवर कुणाची मालकी नव्हती. १९२२ मध्येच तो छापून सगळ्यांसमोर आला होता. अमेरिकेत एका कंपनीचा विक्रीचा एकाधिकार होता, तोही २००२ मध्ये संपला. मात्रा जास्त लागते म्हणून ज्याला १९२९ नंतर बाजूला ठेवलं, त्याचाच आता धंदा झाला. मोठी मात्रा म्हणजे दिवसाला दोन ग्रॅमपर्यंत. वर्षाकाठी एका माणसाच्या पोटात पाऊण किलो. असे एक कोटी रुग्ण धरा, तर सात हजार टनांच्या वर पूड लागते. हे प्रयोगशाळेतल्या काचेच्या नळीचं काम नाही, हे एमआयडीसीचं काम आहे. स्वस्त औषध बनवण्यात मान कमी आणि नफा बारीक, पण माल भरपूर. भारतातल्या कारखान्यांनी हे अंगावर घेतलं, म्हणून आज साधी गोळी दीड-दोन रुपयांत मिळते. नव्या महाग औषधांच्या जाहिराती बघताना मला हे आठवतं.

अर्थात कारखान्यात डोळ्यांत तेल घालून बसावं लागतं. २०१९ च्या डिसेंबरात सिंगापूरनं मेटफॉर्मिनच्या तीन उत्पादनांची परत मागणी केली आणि मे २०२० मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनानं पाच कंपन्यांना हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्या मागे घ्यायला सांगितलं. त्यांत एनडीएमए नावाची अशुद्धी सापडली होती. कर्करोगाचा धोका वाढवणारी. डायमिथाइल अमाइनचा नायट्राइटशी संबंध आला, की ती तयार होऊ शकते. मर्यादा किती ठेवली ठाऊक आहे? दिवसाला ९६ नॅनोग्रॅम. एका ग्रॅमचे शंभर कोटी भाग करा, त्यातले ९६. चिंचोळी असो की जगातलं कुठलंही गाव, हौदापाशी उभ्या असलेल्या ऑपरेटरला ही मर्यादा पाळायची असते, आणि ते सगळं दोन रुपयांच्या गोळीसाठी.

आता खालाकडे येतो. ती विडी वळायची. सोलापूरच्या हजारो बायका वळतात, तशीच. मांडीवर सूप, शेजारी ओल्या पानांचा गठ्ठा, सकाळपासून एकाच जागी बैठक. अंगानं काडी. डॉक्टरांनी शुगर सांगितली, तेव्हा तिला हसूच आलं. “शुगर तो खाते-पीते लोगों का रोग. मुझ सूखी को कहाँ से होगी?” असं ती म्हणाली. तेव्हा आम्हालाही तिचं म्हणणं पटलं होतं. शीरखुर्म्याची वाटी तीच सगळ्यांत आधी परत सरकवायची, हे आम्ही बघत आलो होतो.

तिच्या प्रश्नाचं उत्तर पुण्यात शोधलं गेलं. केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या लक्षात आलं, की आपल्याकडचे मधुमेही पाश्चात्त्य पुस्तकातल्या मधुमेह्यांसारखे दिसत नाहीत. वय कमी, वजन कमी, तरी रोग. १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अभ्यास सुरू केला. साउदॅम्प्टनचे संशोधक सोबत होते. बाई गरोदर राहण्याआधीपासून तिची उंची, वजन, ताटातलं अन्न, शेतातलं काम, सगळं मोजलं. आठशेच्या आसपास गरोदरपणं नोंदली गेली. बाळ जन्मलं, की बहात्तर तासांच्या आत तराजू घेऊन माणूस दारात.

बाळांचं सरासरी वजन भरलं २.७ किलो. साउदॅम्प्टनच्या बाळांचं ३.५. हातपाय बारीक, पोट लहान, स्नायू कमी. पण खांद्याच्या पात्याखालची चिमट घेतली, तर तिथली चरबी मात्र जवळजवळ इंग्रज बाळांइतकीच. म्हणजे बाळ किरकोळ, तरी प्रमाणानं चरबीदार. २००३ मध्ये हा निष्कर्ष छापून आला आणि ‘रोड-पण-चरबीदार भारतीय बाळ’ ही कल्पना जगभर गेली. पुढच्या वर्षी याज्ञिक आणि लंडनचे त्यांचे मित्र जॉन युडकिन यांनी दोघांचा एकत्र फोटो लॅन्सेटमध्ये छापला. उंचीला वजनाचं प्रमाण दोघांचं अगदी एकच, २२.३. पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. एवढं मोठं शास्त्र एका फोटोत मावलं. मला विचाराल, तर इतकी नेमकी प्रतिमा कवीलाही क्वचितच साधते.

त्याच गावांतल्या स्त्रियांच्या ताटाबद्दल आघारकर संशोधन संस्थेच्या डॉ. शोभा राव यांनी जे मांडलं, ते बायाबापड्यांपर्यंत पोचायला हवं होतं, तेवढं पोचलं नाही. गरोदरपणी ज्या बायका पालेभाज्या, फळं, दूध अधिक वेळा खायच्या, त्यांची बाळं वजनानं बरी होती. आणि ज्यांना पाणी आणणं, शेतातलं काम, घरातलं काम यांतून उसंत नव्हती, त्यांची बाळं लहान. यात नवल काय, असं कुणी म्हणेल. नवल हे, की डोक्यावरच्या हंड्याचा भार पोटातल्या बाळाच्या वजनाशी आकड्यांत जोडून दाखवला गेला. आणि कमी वजनाच्या बाळाला पुढे मधुमेहाचा धोका जास्त. म्हणजे खालाच्या शुगरची सुरुवात शोधायची, तर तिच्या खाण्यात कमी आणि तिच्या आईच्या उपासमारीत जास्त सापडेल.

२००८ मध्ये याच अभ्यासातून आणखी एक धागा निघाला. साठ टक्क्यांहून अधिक आयांच्या रक्तात बी-१२ जीवनसत्त्व कमी होतं. ज्यांच्यात बी-१२ कमी आणि फोलेट जास्त, त्यांची मुलं सहाव्या वर्षी इन्सुलिनला कमी दाद देत होती. बी-१२ मिळतं दूध, अंडी, मांस यांतून. शाकाहारी घरात ते कमी पडतं हे उघड आहे. पण मांसाहारी म्हणवणाऱ्या गरीब घरातही मटण महिन्यातून किती वेळा शिजतं आणि शिजलंच तर बाईच्या ताटात काय उरतं, हे विचारावं लागेल. आमच्या मोहल्ल्यात त्याचं उत्तर ‘रस्सा’ असं आहे.

आणि इथंच आपली चिंचोळीची पूड परत येते. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतलं, की आतड्यातून बी-१२ शोषलं जाणं कमी होतं. ही गोष्ट जुनी आहे, पण ब्रिटनच्या औषध नियंत्रकांनी २०२२ मध्ये डॉक्टरांना पुन्हा बजावलं, की धोका असलेल्या रुग्णांचं बी-१२ अधूनमधून तपासा. ज्या मुलखात लोकांमध्ये ते मुळातच कमी, तिथं हे केवढं महत्त्वाचं! खालाचे तळपाय बधिर झाले होते. चपला पायातून निसटायच्या आणि तिला पत्ता नसायचा. “शुगर है, होताच है,” असं तीही म्हणायची, आम्हीही म्हणायचो. एका तरुण डॉक्टरनं पहिल्यांदा रक्त तपासायला पाठवलं आणि बी-१२ तळाला गेलेलं निघालं. इंजेक्शनं सुरू झाली. बधिरपणा सगळा गेला नाही, पण काही महिन्यांनी पायाला फरशीचा गारवा लागतो, असं तिनं सांगितलं. गोळी बंद केली नाही. बंद करायचीही नसते. सोबत तपासणी हवी असते. ती करायची ठरवली, तर तिचा खर्च गोळ्यांच्या कित्येक महिन्यांच्या खर्चाएवढा. स्वस्त औषधाच्या जोडीला स्वस्त तपासणी आपण अजून उभी केलेली नाही.

हेच औषध पाळी अनियमित होणाऱ्या, अंडाशयात गाठी असलेल्या मुलींनाही देतात. पीसीओएस हा शब्द आता कॉलेजच्या मुलींच्या तोंडी असतो. रोग हार्मोनचा, गोळी साखरेची, म्हणून घरचे घाबरतात. पोरीला शुगर झाली असं शेजारी कळू नये म्हणून पट्टी लपवतात. त्या मुलींमध्ये बऱ्याचदा इन्सुलिनला दाद न देण्याचीच अडचण असते, एवढं त्यांना कुणी समजावून सांगितलं तरी पुरे.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे आकडे २०२३ मध्ये आले. देशात मधुमेही १०.१ कोटी आणि उंबरठ्यावर उभे असलेले १३.६ कोटी. चिंचोळीतले हौद थंड पडतील अशी चिन्हं नाहीत.

पुण्याजवळच्या त्या सहा गावांत मात्र काम पुढे सरकलंय. १९९३ नंतर ज्यांचं वजन जन्मतः तराजूवर नोंदलं गेलं, ती बाळं मोठी झाली. त्यांच्यातल्या मुलामुलींना २०१२ पासून एका चाचणीत रोज दोन मायक्रोग्रॅम बी-१२ देण्यात आलं. लग्नाआधी, मूल होण्याच्या कितीतरी आधी. उद्देश असा, की पुढच्या पिढीचं बाळ पोटात असतानाच सुधारावं. आता त्या मुलींनाही मुलं झाली आहेत, आणि त्या मुलांचीही वजनं, मापं, रक्त त्याच चिकाटीनं तपासलं जातंय. दोन मायक्रोग्रॅम म्हणजे खालाच्या एका दिवसाच्या मेटफॉर्मिनचा दहा लाखावा भाग.